गिंकोचं झाड : बी पेरायचं की कलम आणायचं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, मोदकांचा वास येतो आहे आणि मध्ये मी उभी आहे. तेव्हा फार ताणत नाही. पण ज्या कामासाठी मला उभं केलंय ते काम मोदकांइतकंच नाजूक आहे, म्हणून थोडा वेळ द्या.

मंडळाला पंचवीस वर्षं होताहेत. त्यानिमित्त शहराच्या उद्यान खात्याने आपल्याला सार्वजनिक बागेत एक झाड लावायला जागा देऊ केली आहे. सर्वसाधारण सभेत वड, आंबा, गुलमोहर अशी सगळी नावं प्रेमाने घेऊन झाली आणि इथल्या थंडीपुढे ती तितक्याच प्रेमाने मागे घेतली गेली. शेवटी गिंको ठरलं. त्याचं श्रेय दसऱ्याला. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून आपल्यातल्या काही जणी गेली कित्येक वर्षं सोनं म्हणून गिंकोचं पान वाटतात. दोन्ही पानं मधोमध चिरलेली, दोन पाकळ्यांची. आपटा ज्या बौहिनिया कुळातला, त्या कुळाला लिनियसने हे नाव बौहिन आडनावाच्या दोन भावांवरून दिलं, तेही पानाच्या या जोडीमुळेच. तेव्हा निवड चुकीची नाही.

पण सभेत एक प्रश्न अर्धवट राहिला. कार्यकारिणीचं म्हणणं, रोपवाटिकेतून चांगलं पुरुषभर उंचीचं तयार झाड आणू, फोटो काढू, मोकळे होऊ. काही आईबाबांचं म्हणणं, मुलांच्या हाताने बी पेरू, नाहीतर त्यात आपलं काय राहिलं? दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि म्हणूनच वाद मिटला नाही. मला झाडं लावायचा जुना नाद, म्हणून मला सांगितलं की दोन्हीत फरक काय तो समजावून सांग.

फरक आपल्याला खरं तर माहीत आहे. कोकणातल्या कुणालाही विचारा. हापूस कलमाचा असतो, रायवळ कोयीचा. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच असं नाही. येतो तो एक नवा आंबा, कधी गोड, कधी आंबट, कधी नुसता धाग्यांचा. हापूसच हवा असेल तर हापूसच्याच झाडाची काडी घेऊन दुसऱ्या खुंटावर बांधावी लागते. म्हणजे देवगडपासून रत्नागिरीपर्यंत बागाच्या बागा उभ्या आहेत त्या कलमाने पुढे चालू ठेवलेल्या जुन्या झाडांच्या. रायवळ मात्र प्रत्येक वेगळा, म्हणून तर गावोगाव त्याला स्वतःचं नाव असतं.

छाट आणि कलम म्हणजे तेच झाड पुढे चालू. बी म्हणजे नवं झाड. आजच्या भाषणाचं सार एवढंच. पण गिंकोच्या बाबतीत या साध्या गोष्टीला एक मोठा पीळ आहे.

गिंकोमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. आपल्याला पपईचा अनुभव आहे : रोप लावायचं, फुलं येईपर्यंत थांबायचं आणि मग कळणार की हा नर आहे, फळ काही द्यायचा नाही. पपईत हा निकाल काही महिन्यांत लागतो. बियांपासून वाढवलेल्या गिंकोत तो लागायला साधारण वीस ते तीस वर्षं जातात. चिनी भाषेत या झाडाचं एक नावच आहे, ‘आजोबा-नातवाचं झाड’. आजोबांनी लावायचं आणि नातवाने त्याचं बी खायचं.

आता तुम्ही म्हणाल, मादी निघाली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते वासामुळे. मादी झाडाला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिवळसर, जर्दाळूएवढी फळं लागतात. शास्त्रीय भाषेत ती फळं नव्हेत, मांसल सालीच्या बियाच. पण आपण फळं म्हणू. ती खाली पडून फुटली की ब्युटिरिक आम्लाचा वास सुटतो. खवट लोण्यात असतं तेच हे आम्ल. फुटपाथवर त्यांचा राडा होतो, पाय घसरतात, बुटांना लागून वास घरात येतो. त्या सालीने काहींच्या हाताला पुरळ उठतं. आतलं बी चीन-जपानमध्ये भाजून, शिजवून खातात, पण मोजकंच. जास्त खाल्लं तर त्यातल्या विषारी द्रव्यामुळे झटके येऊ शकतात आणि लहान मुलांना धोका अधिक.

आमच्या एका परिचितांच्या वसाहतीत वीसेक वर्षं सावली देणारी चार झाडं होती, बियांची. सगळ्यांची लाडकी. एका शरदात त्यातल्या दोन झाडांनी फळं टाकली आणि पुढच्याच बैठकीत ती दोन तोडण्याचा ठराव आला. तोपर्यंत कुणाला ती मादी आहेत हे ठाऊकच नव्हतं. ठराव थोडक्यात फेटाळला गेला, आणि आता शरदात दर शनिवारी पाळीपाळीने फळं गोळा करतात. पण दरवर्षी विषय पुन्हा निघतो. वीस वर्षांचं निरोगी झाड असं टांगणीला लागलेलं पाहणं बरं वाटत नाही.

म्हणून शहरं काय करतात, तर नर झाडाची कलमं लावतात. जर्मन शहरांच्या उद्यान-विभागप्रमुखांची एक परिषद आहे, ती रस्त्याकडेच्या झाडांची यादी ठेवते. गिंको त्या यादीत आहे. व्युर्झबुर्गजवळच्या बव्हेरियन उद्यान-संशोधन संस्थेने २००९-१० पासून तापत्या, कोरड्या होत चाललेल्या शहरांत कोणती झाडं टिकतील याची चाचणी चालवली, त्यातही गिंको होतं. २०१८, २०१९, २०२२ चे कोरडे उन्हाळे आपण सगळ्यांनी पाहिले. लिंडनची पानं ऑगस्टमध्येच करपत होती. त्यामुळे गिंकोची मागणी वाढणार, आणि ही मागणी नर कलमांची असणार.

आता थोडा इतिहास, कारण त्यातही हीच गंमत आहे. या झाडाचं वर्णन युरोपात पहिल्यांदा छापलं ते एका जर्मनाने. लेम्गो गावचा डॉक्टर एंगेलबर्ट केम्फर १६९० ते १६९२ जपानमध्ये होता. त्याचं पुस्तक १७१२ मध्ये आलं. ‘गिंको’ हे विचित्र स्पेलिंगही त्याचंच. पुढे अठराव्या शतकात झाडं युरोपात आली, बागांमधून रुजली. येनाच्या वनस्पती उद्यानातलं झाड १७९२ ते १७९४ च्या दरम्यान लावलेलं. वायमारमध्ये फ्युर्स्टनहाउसजवळचं १८१३ च्या सुमाराचं मानतात. ज्याला आपण मराठीत गटे म्हणतो, तो शाकुंतलावर लुब्ध झालेला कवी, त्याने १८१५ मध्ये या पानावर कविता केली : हे एकच पान दुभंगलेलं, की दोन पानं एक झालेली? ती १८१९ मध्ये त्याच्या ‘दिवान’ संग्रहात आली आणि तेव्हापासून वायमारमध्ये गिंकोची पानं दागिन्यांपासून साबणापर्यंत सगळ्यांवर आहेत.

पण गटेच्या काळात युरोपातल्या माळ्यांची अडचण अशी की बी मिळतच नव्हतं. माहीत असलेली झाडं नर. मादी झाड युरोपात आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १८१४ मध्ये, जिनिव्हाजवळच्या बूर्दिन्यी गावात, द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. मग त्या झाडाच्या काड्या ठिकठिकाणी नेऊन नर झाडांवर बांधल्या गेल्या. म्हणजे कवीने पानात जी जोडी पाहिली ती निसर्गाने झाडात ठेवलीच नव्हती. माळ्यांनी ती कलम करून एका खोडावर आणली.

असो. आता प्रत्यक्ष कृती. आधी बी. मी आपल्या कॅलेंडरप्रमाणे सांगते, लक्षात राहील.

दिवाळी : साधारण याच सुमाराला फळं गळायला लागतात. झाडावरची तोडू नका, खाली पडलेली घ्या. हातमोजे घाला. मोकळ्या हवेत बादलीत पाण्यात चोळून साल काढा, बी स्वच्छ धुवा. पिस्त्यासारखं फिकट, टणक बी हाती येईल. पाण्यात टाकून तरंगतील ती फेका. जवळपास नर झाड नसेल तर बी पोकळ निघण्याची शक्यता मोठी, म्हणून नर-मादी दोन्ही असलेल्या बागेतून बी आणलेलं बरं.

दिवाळी ते नाताळ : हे बी लगेच थंडीत टाकायचं नाही. गिंकोचं परागण वसंतात होतं पण फलन होतं शरद लागता लागता, आणि बी गळतं तेव्हा आतला गर्भ पुष्कळदा अर्धाच वाढलेला असतो. (परागातून पोहणारे शुक्राणू निघतात हे हिरासे या जपानी संशोधकाने १८९६ मध्ये याच झाडात दाखवलं. नेच्यांसारखी ही जुनी पद्धत बियांच्या झाडात असेल असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.) म्हणून दीड-दोन महिने ओलसर वाळूत, डब्यात, घरच्या उबेत ठेवा. वाळू ओलसर, चिकचिकीत नव्हे.

नाताळ ते गुढीपाडवा : तोच डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. वर ठळक अक्षरात लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी ते पिस्ते समजेल. दोन-तीन आठवड्यांनी उघडून बुरशी पाहा.

गुढीपाडवा : खोल कुंडीत, कारण मुळी सरळ खाली जाते. दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा, उजेडाच्या खिडकीत ठेवा. महिना-दीड महिन्यात कोंब दिसतो. बाहेर ठेवलं तर वर जाळी लावा. उंदरांना बी आणि गोगलगायींना कोंब फार आवडतो.

पुढच्या गणपतीला : वीतभर किंवा त्याहूनही लहान रोप. रागावू नका. पहिली वर्षं ते मुळं करण्यात घालवतं. पहिले दोन हिवाळे कुंडीला आडोसा द्या. मोठं झाल्यावर उणे वीसलाही त्याला काही होत नाही.

आता छाट. त्याचा मुहूर्त वटपौर्णिमा ते आषाढी एकादशी, म्हणजे जून-जुलै. वटपौर्णिमेला फांदी तोडू नका असं आपण सांगतो. इथे मात्र तोडायची आहे, तीही झाडाच्या मालकाला विचारून. वायमारच्या जुन्या झाडाकडे कात्री घेऊन कुणी जायचं नाही. यंदाची, खाली थोडी टणक झालेली फूट घ्या, दहा-पंधरा सेंटिमीटर. खालची पानं काढा, बुडाला मुळं फुटण्याची पावडर लावा, अर्धी वाळू आणि अर्धी हलकी माती यात खोचा. वर प्लास्टिकची पारदर्शक बाटली उलटी घाला म्हणजे दमट राहील. उजेड हवा, ऊन नको. आठ-दहा आठवड्यांत, गणपतीच्या आसपास, हलकेच ओढून पाहिलं तर काडी पकडून धरते. त्या वर्षी वाढ अशी दिसणारच नाही. पानं पिवळी पडून गळतील. ती मेली असं समजून टाकू नका, झाड शरदात झोपतंच.

वडाची जाड फांदी खोचली तरी रुजते, पांगारा तर कुंपणालाच फुटतो. गिंको तितकं उदार नाही. त्यात दोन अडचणी आहेत. एक, छाट चांगली रुजते ती कोवळ्या वयाच्या झाडाची. जुन्या झाडाची काडी रुजायला फार कुरकुरते. आणि कोवळ्या झाडाचा नर-मादी पत्ता नसतो! झाड नर आहे हे खात्रीने कळेपर्यंत त्याच्या काड्यांचं रुजण्याचं वय निघून गेलेलं असतं. त्यातून वाट एकच : जे झाड स्वतःच माहितीतल्या नराचं कलम किंवा छाट आहे, त्याच्यापासून काडी घ्यायची. दुसरी अडचण, आडव्या फांदीची काडी रुजली तरी काही वर्षं ती स्वतःला फांदीच समजते आणि तिरकी वाढते. काठीला बांधून सरळ करावी लागते.

म्हणूनच इथल्या रोपवाटिका, ज्यांना जर्मनमध्ये ‘झाडांची शाळा’ म्हणतात, बहुधा बियांच्या खुंटावर नराचा डोळा भरतात. विकत घेताना लेबल वाचा. नुसतं ‘गिंको बिलोबा’ लिहिलं असेल तर ते बियांचं असू शकतं; पुढे जातीचं नाव आणि नर असल्याचा उल्लेख असेल तर कलम. कलमाच्या सांध्याखालून, खुंटातून फूट आली तर ती काढून टाका, कारण खुंट कोण आहे ते कुणालाच माहीत नाही. आणि एक लोकसमज : पॅन्टसारखं चिरलेलं पान म्हणजे नर, घागऱ्यासारखं अखंड म्हणजे मादी. तसं काही नसतं. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची पानं सापडतात. प्रयोगशाळेत जनुकांवरून तपास करता येतो, पण घरी पानाकडे बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग सरळ नर कलम आणा, विषय संपला. थोडं थांबा.

कलमाचा फायदा हाच त्याचा तोटा आहे. एका झाडाच्या हजार काड्या म्हणजे हजार झाडं नव्हेत, एकच झाड हजार जागी. इटलीतून आलेला उभट लोंबार्डी पॉप्लर पाहा. व्योर्लित्झच्या बागेतल्या रूसोच्या बेटावर, रस्त्यांच्या कडेला, सगळीकडे तो गेला तो छाटीनेच, आणि बहुतेक सगळा नर. त्याला बी धरून नवं काही करायची संधी माणसाने दिलीच नाही. एकाला जो रोग लागेल, जी थंडी बाधेल, ती सगळ्यांनाच.

गिंकोच्या बाबतीत हे जास्त बोचतं. जगभर रस्त्यांवर लाखो झाडं दिसतात, पण रानटी अवस्थेत ते धोक्यात आलेलं म्हणून नोंदलेलं आहे. २०१९ मध्ये ५४५ झाडांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की हिमयुगांत हे झाड चीनमधल्या मोजक्या आसऱ्यांत तगून राहिलं आणि विविधता आहे ती तिथेच. युरोपातली झाडं मुख्यतः पूर्व चीनमधल्या वंशाची. म्हणजे इथे आधीच थोडं आलं आहे. त्या थोड्यातले निवडक नरच आपण पुन्हा पुन्हा लावत राहिलो, तर ते अजून थोडं होणार. नवीन जोडणी फक्त बियांत होते. उद्याच्या उन्हाळ्याला कोणतं रोप पुरून उरेल हे आज कुणी सांगू शकत नाही, म्हणून वेगवेगळी रोपं हवीत.

हिरोशिमाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर स्फोटकेंद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत असलेली काही गिंको झाडं पुन्हा फुटली. त्यातलं एक होसेनबो देवळाजवळचं, साधारण अकराशे मीटरवर. २०११ पासून ‘ग्रीन लेगसी हिरोशिमा’ हा उपक्रम अशा वाचलेल्या झाडांच्या बिया जगभर पाठवतो. बिया लांबच्या प्रवासाला सोप्या, हे एक कारण. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं : बॉम्ब पाहिलेलं झाड ते तिथेच राहतं, बाहेर जातात ती त्याची मुलं, आणि ती आपापल्या गावची हवा शिकतात.

आणि हो, प्रवासावरून आठवलं. भारतातून येताना बॅगेत रोपं, बियाणं घालून आणू नका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून आणलेल्या रोपांना आणि लावायच्या बियांना प्रवाशांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. गिंकोचं बी इथेच भरपूर मिळतं.

तर माझं मत. आपल्याला दिलेली जागा बालवाडीच्या वाटेवर, बाकाशेजारी आहे. तिथे नर कलमच लावावं. मुलं खाली पडलेलं तोंडात घालतात, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात, आणि दहा-वीस वर्षांनी कुणी तोडायचा ठराव आणावा असं झाड आपण मंडळाच्या नावाने का लावायचं? सावली लोकांसाठी आहे, तर लोकांची सोय पाहिली पाहिजे.

पण बी पेरायचं सोडू नये. मी उद्यान खात्याला विचारलं आहे की बागेच्या मागच्या कुरणात, वाटेपासून लांब, चार-पाच रोपांना जागा मिळेल का. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. रोपं मीटरभर झाली की या, म्हणाले. त्याला चार-पाच वर्षं लागतील. तोवर ती आपल्या बाल्कन्यांत राहतील. ज्यांची श्रेबरगार्टन आहे त्यांनी मात्र आपल्या वसाहतीचे नियम वाचावेत. बहुतेक ठिकाणी एवढी मोठी होणारी झाडं जमिनीत लावायला मनाई असते, कुंडीत चालतं.

त्या रोपांत नर किती, मादी किती, हे कळेल तेव्हा मी असेन असं नाही. आज समोर बसलेली चौथी-पाचवीतली मुलं तेव्हा पस्तिशीची असतील आणि त्यातली किती याच गावात असतील तेही सांगता येत नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक कुंडीवर मुलाचं नाव नको, बी कुठल्या झाडाखालून आणलं आणि कोणत्या साली पेरलं एवढंच लिहावं, आणि त्याची एक वही मंडळाकडे ठेवावी. पुढे जो कुणी त्या झाडाखाली उभा राहून नाक दाबेल किंवा दाबणार नाही, त्याला ती माहिती उपयोगी पडेल.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता शहराच्या वनस्पती उद्यानापाशी भेटू. त्यांची परवानगी घेतलेली आहे. हातमोजे, जुने बूट आणि झाकणाचा डबा आणा. गाडीने येणाऱ्यांनी डब्याचं झाकण घट्ट आहे याची खात्री करावी, हे वासाबद्दल सांगितल्यानंतर वेगळं सांगायला नको.

गणपती बाप्पा मोरया!